कोकणातल्या दारूवर पीएचडी करायची असेल तर आधी माडीच्या झाडाचा कर शोध

प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. वेंगुर्ल्याकडची एक मुलगी, इतिहासात एमए झालेली, तिला कोकणातल्या व्यसनांवर पीएचडी करायचीय. राजकारण, आर्थिक इतिहास, व्यसन आणि आरोग्य हे चारही तिला एकत्र हवेत. गाइड म्हणतात एकच धर, नाहीतर प्रबंध कधी संपायचाच नाही. तर चारही घेऊन खरंच काम होतं का आणि सुरुवात कुठून करायची, असं तिचं विचारणं आहे.

काम होतं. मी स्वतः बरीच वर्षं याच कामात आहे, आधी दप्तरखान्यात आणि मग प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या रजिस्टरांत, त्यामुळे ठामपणे सांगतो. पण तुझ्या गाइडचंही अगदी चुकत नाहीये. ‘कोकणातील व्यसनाधीनता : एक अभ्यास’ असं नाव टाकलंस की त्यात सगळं येतं आणि हाताला काही लागत नाही. म्हणून चार विषय धरू नकोस, एक वस्तू धर. त्या वस्तूवर कर कोणी लावला, तो कोणाच्या खिशातून गेला, त्या पैशाचं सरकारने काय केलं, कर वाढल्यावर पिणाऱ्याच्या हातातला ग्लास कसा बदलला, आणि ग्लास बदलल्यावर त्याच्या लिव्हरचं काय झालं, एवढं एका ओळीत लावत गेलीस की चारही विषय आपोआप येतात, ओढूनताणून आणावे लागत नाहीत.

तुझ्या भागासाठी ती वस्तू म्हणजे माडी, नारळाच्या झाडाच्या रसाची आंबलेली दारू. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण बहुतेक विद्यार्थी थेट गोव्याच्या बाटलीवर जातात, बातम्यांमध्ये तेच दिसतं म्हणून.

माडीचं तंत्र आधी नीट बघून घे, कोणातरी भंडाऱ्याकडे, म्हणजे माडी काढणाऱ्या समाजातल्या माणसाकडे, पहाटे जाऊन. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, उमलायच्या आत दोरीने आवळून बांधतात, हलक्या हाताने ठोकून ठोकून मऊ करतात, मग टोकाला रोज पातळ काप घेत राहायचा, सकाळ-संध्याकाळ चढायचं, खाली लावलेलं मडकं उतरवायचं. मडक्याला आतून चुना लावला तर नीरा, म्हणजे न आंबलेला रस, गोड राहते, नाही लावला तर उन्हं वर येईपर्यंत फेस धरते आणि संध्याकाळपर्यंत चारपाच टक्के अल्कोहोल होतं, आणखी ठेवली की आंबून व्हिनेगर. आता यातली आर्थिक गोष्ट बघ : ज्या पोयीची माडी काढली तिला नारळ धरत नाही. म्हणजे झाडाच्या मालकाला दर वेळी हिशोब करावा लागतो की नारळ घेऊ की माडी काढायला झाड देऊ, आणि भंडाऱ्याला हिशोब करावा लागतो की मालकाला देऊन, सरकारला देऊन हातात काय उरेल. सरकारने कर बदलला की हा हिशोब बदलतो, आणि तो बदल कागदावर उमटतो. आरोग्याच्या अभ्यासाला इतका जुना आणि इतका स्वच्छ धागा सहसा मिळत नाही.

तो कर आला १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने, आबकारी म्हणजे दारूवरचा कर. त्याआधीही कर होते पण ते ठिकठिकाणी वेगळे, मक्त्याने दिलेले, सैल. १८७८ नंतर प्रत्येक झाडावर कर, त्याचं लायसन, आणि दारू गाळण्याचा हक्क हळूहळू मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांकडे. सरकारला जी दारू एका जागी मोजता येते आणि जिच्यावर गॅलनमागे ड्यूटी घेता येते ती वाढवायची होती, झाडोझाडी पसरलेली माडी-ताडी त्याच्या आड येत होती. उत्तर कोकणात हे फार उघड दिसतं. उरणच्या भट्ट्यांमधून मोहाची दारू मुंबईला जायची, आणि त्या भट्ट्यांचं उत्पन्न सुरक्षित राहावं म्हणून १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं जवळ ठेवण्यावरच बंधनं आणणारा कायदा झाला. मोहाची फुलं कातकरी, वारली, ठाकर लोकांचं खाणंही होतं, गुरांचंही. म्हणजे एका आबकारी कायद्याने माणसाच्या पोटातल्या अन्नापर्यंत हात घातला. हे पोषणाच्या इतिहासात लिहिलं जायला पाहिजे आणि तिथे ते फार कमी सापडतं.

दक्षिण कोकणात, म्हणजे तुझ्याकडे, तिसरा खेळाडू आहे : गोवा. १८७८ च्याच डिसेंबरमध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीजांचा तह झाला, त्यात मिठाचा व्यवहार ब्रिटिशांकडे गेला, जकातीची हद्द एक झाली आणि गोव्यातही मुंबईसारखी आबकारी पद्धत आणायचं ठरलं. तो तह १८९२ ला संपला. म्हणजे बाराएक वर्षं अशी आहेत की जेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना कर जवळजवळ एका धोरणाने चालत होते, त्याच्या आधी आणि नंतर तसं नव्हतं. अर्थशास्त्रवाले ज्याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात तो तुझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर पडलाय, त्यावर कोकणातल्या कोणीतरी काम करावं असं मला मनापासून वाटतं.

इथे एक सावधगिरी. तुला आकड्यांची मालिका लावायची असेल तर ‘रत्नागिरी जिल्हा’ हे नाव वर्षागणिक तेच राहत नाही. जुन्या रत्नागिरीत आजचा बराचसा सिंधुदुर्ग आहे, पण सावंतवाडी संस्थान वेगळं होतं, त्याचं आबकारीचं दप्तर वेगळं. संस्थान १९४८ ला विलीन झालं, आणि १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा निघाला. कुलाब्याचं रायगड झालं, ठाण्यातून २०१४ ला पालघर निघाला. हे न बघता लोक तक्ते लावतात आणि मग १९८१ ला रत्नागिरीत दारूचे गुन्हे निम्म्यावर आले वगैरे निष्कर्ष काढतात. तालुक्याच्या पातळीवर काम कर, तालुके त्यामानाने टिकलेत.

राजकारणाचा भाग. यात बहुतेक लोक गांधीजी, पिकेटिंग, दारूबंदी एवढंच लिहितात. ते लिही, पण पैशाकडे बघ. १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतांत जी खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे दिली त्यात शिक्षण होतं, सार्वजनिक आरोग्य होतं, आणि आबकारीही होती. म्हणजे शाळा आणि दवाखाना वाढवायचा तर मंत्र्याच्या हातात जी वाढणारी मिळकत होती तिच्यात दारूचा वाटा मोठा. दारू कमी करा म्हणणारा मंत्री आणि शाळा काढा म्हणणारा मंत्री एकाच तिजोरीवर अवलंबून होते, आणि त्यांची ही अडचण त्या वेळच्या कौन्सिलच्या चर्चांमध्ये पानोपानी दिसते. मग १९३७ ला काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, डॉ. गिल्डर आरोग्य आणि आबकारी दोन्हीचे मंत्री, १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली आणि बुडालेलं उत्पन्न भरायला शहरातल्या घर-इमारतींवर दहा टक्के कर बसवला. विरोध कोणी केला आणि का केला हे त्या करावरून वाच, भाषणांवरून नको. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, १९५० ला सगळ्या राज्यात पूर्ण बंदी, १९५१ ला बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्यातली काही कलमं रद्द केली पण गाभा ठेवला. साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली, तरी कायदा तोच चालू आहे, म्हणूनच आजही महाराष्ट्रात प्यायला कागदोपत्री परवाना लागतो.

या बंदीच्या काळात तुझ्याकडे भंडारी समाजाचं काय झालं, हा प्रश्न सोडू नकोस. माडी बंद, नीरा चालेल असं धोरण आलं, पण नीरा काही तासांत आंबते, ती बाजारापर्यंत न्यायला थंड साखळी लागते जी तेव्हा नव्हती. काही जण मुंबईच्या गिरण्यांत गेले, काही बोटीवर, काही हातभट्टीकडे. आता माडी कायदेशीर आहे तर काढणारा नाही. वेंगुर्ल्यातले एक म्हातारे भंडारी मला त्यांच्या खळ्यात बसून म्हणाले होते, “माडार चढाक आता माणूस गावना नाय, आणि गावलो तरी गिऱ्हाईक बाटलीवालो.” वाक्य साधं आहे पण त्यात मागणी, पुरवठा आणि मजुरी तिन्ही आलं.

आणि एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. जुन्या सरकारी रिपोर्टांत अमुक जात दारूबाज, तमुक जात व्यसनी अशी वाक्यं सर्रास आहेत. ती जशीच्या तशी उचलू नकोस. लिहिणारा अधिकारी त्याच खात्याचा, ज्याला त्याच जातीकडून कर गोळा करायचाय आणि चोरटी दारू पकडायचीय. ते वाक्य त्या जातीबद्दल पुरावा नाही, त्या खात्याबद्दल पुरावा आहे. आपल्या लोकांवर आपणच परत तो शिक्का मारायचा नाही. हीच गोष्ट आकड्यांची. ‘खप कमी झाला’ असं रिपोर्टात येतं तेव्हा तो कायदेशीर खप असतो, ज्याच्यावर ड्यूटी भरली तेवढाच. १९२० च्या दशकात मुंबई सरकारने देशी दारूचा पुरवठा आखडता घेतला, दर वाढवले, कायदेशीर गॅलन खाली आले आणि चोरट्या भट्ट्यांचे गुन्हे वर गेले. दोन्ही रकाने शेजारी ठेवल्याशिवाय कोण किती पीत होतं हे बोलायचंच नाही.

आता आरोग्याकडे येतो, कारण इतिहासवाल्यांची खरी पंचाईत तिथे होते.

पहिलं, माप. दारूची पाहणी करताना जी प्रश्नावली वापरतात तिच्यात ‘एका वेळी किती ड्रिंक्स घेता’ असा प्रश्न असतो, आणि जागतिक पातळीवर एक ड्रिंक म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. गावात कोणी ड्रिंक्स मोजत नाही, क्वार्टर मोजतात. माणूस म्हणतो ‘एकच घेतो हो रोज’, आणि पाहणी करणारी पोरं फॉर्मवर १ लिहितात. हिशोब कर : क्वार्टर म्हणजे १८० मिली, व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ७७ मिली अल्कोहोल, वजनात ६१ ग्रॅमच्या आसपास. ती सहा ड्रिंक्स झाली. उलट पाच टक्क्यांची माडी अख्खा लिटर प्यायला तरी ४० ग्रॅम. म्हणजे आजोबा लिटरभर माडी पीत होते आणि नातू ‘एकच’ घेतो, तरी नातवाच्या लिव्हरवर दीडपट बोजा आहे. म्हणून माडी निरुपद्रवी असं मी म्हणत नाहीये, रोज दोन-तीन लिटर पिणारेही पाहिलेत. पण करामुळे आणि बंदीमुळे माणूस कमी तीव्रतेच्या पेयाकडून जास्त तीव्रतेच्या पेयाकडे सरकला का, हा तुझ्या प्रबंधाचा कणा होऊ शकतो, आणि तो मोजता येतो. फॉर्मवर क्वार्टर, नाइन्टी, माडीचा ग्लास असे रकाने स्वतः कर, ग्लास सोबत घेऊन जा आणि पाणी ओतून दाखवायला सांग.

दुसरं, छेद. म्हणजे भागाकारात खाली कोण आहे. रत्नागिरीत २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, आणि २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्हींची लोकसंख्या चक्क घटली. पुरुष मुंबईत, ठाण्यात, पुण्यात, जहाजावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मुंबईत बाहेरून आलेल्यांमध्ये रत्नागिरीचे लोक सर्वात मोठ्या गटांपैकी होते, गिरण्या त्यांच्यावर चालल्या. मग कोकणातल्या माणसाचा सिरोसिस, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होणं, कुठे नोंदला जातो? परळच्या हॉस्पिटलात. आणि गिरण्या १९८२ च्या संपानंतर बंद पडल्यावर जो गावी परत आला तो कोणत्या आकड्यात? जिल्ह्याचा दर काढून ‘कोकणात दारूचं प्रमाण कमी’ असं लिहिणाऱ्यांनी पिणारं वयच त्या जिल्ह्यात किती उरलंय हे बघितलेलं नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१, महाराष्ट्रात १५ वर्षांवरचे साधारण १४ टक्के पुरुष पितात असं सांगतात आणि गोव्यात साधारण ३७. हा फरक करामुळे आहे, संस्कृतीमुळे आहे, की गोव्यात माणूस मोकळेपणाने हो म्हणतो आणि सावंतवाडीत पाहणीवाल्या मुलीसमोर, शेजारी आई बसलेली असताना, नाही म्हणतो म्हणून आहे? मला वाटतं तिन्ही आहे, आणि शेवटचं कारण लोक फार हलक्यात घेतात.

तिसरं, वेळ. श्रावणात विचारू नकोस. ‘गेल्या महिन्यात किती वेळा घेतली’ या प्रश्नाला श्रावणात आणि गणपतीत खरं उत्तरसुद्धा शून्य येतं आणि ते वर्षभराचं उत्तर नसतं. मच्छीमार वस्तीत जून-जुलै मासेमारी बंद असते, हातात रोकड नसते, ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या की चित्र वेगळं. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात. म्हणून त्याच घरांना वर्षातून किमान दोनदा विचार.

श्रावणाचा अजून एक भाग आहे जो अभ्यासापेक्षा मोठा आहे. जो माणूस वर्षानुवर्षं रोज क्वार्टर-दोन क्वार्टर घेतोय त्याने श्रावण लागला म्हणून एका दिवसात सोडली तर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, घामाने भिजतो, हात थरथरतात, नसलेली माणसं दिसतात. घरच्यांना वाटतं काहीतरी बाहेरचं झालंय, देवस्कीकडे नेतात आणि मधले तास वाया जातात. हे जिवावर बेतू शकतं. फील्डवर असा माणूस दिसला तर फॉर्म बाजूला ठेवायचा आणि आरोग्य केंद्रात पोचवायचं, तिथे व्हिटॅमिन बी वन आणि शांत ठेवणारी औषधं देऊन ते सांभाळता येतं. मुलाखतीला जायच्या आधी जवळचं केंद्र कुठलं, तिथे डॉक्टर कधी असतात, गाडी कोणाची मिळेल हे वहीत लिहून ठेव.

चौथं, मृत्यूचं कारण. दाखल्यावर ‘हृदय आणि श्वसन बंद पडल्याने’ असं असतं, ते सगळ्यांचंच बंद पडतं. दारूने लिव्हर गेलेला माणूस आपल्याकडे ‘काविळीने गेला’ असाच सांगितला जातो, झाडपाल्याचं औषध चालू होतं वगैरे. घरचे लपवतात, त्यांना दोष देण्यासारखं त्यात काही नाही, लहान गावात मुलींची लग्नं असतात. म्हणून घरी बसून शेवटच्या वर्षाची हकिगत विचारायची : पोट फुगलं होतं का, रक्ताची उलटी झाली का, पायाला सूज होती का, किती दिवसांची कावीळ. यातून डॉक्टरच्या मदतीने कारण बऱ्यापैकी ठरवता येतं. सिरोसिसचा आकडा इतका जपून गोळा करायला सांगतोय कारण तो धोरणाला प्रतिसाद देतो, दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमध्ये वाइनचं रेशनिंग झालं तेव्हा सिरोसिसचे मृत्यू काही वर्षांतच झपाट्याने खाली आले होते. आपल्याकडे १९५० च्या आसपास असं काही झालं का, हे मुंबईच्या जुन्या मृत्यू-नोंदींमध्ये शोधण्यासारखं आहे.

तंबाखूबद्दल थोडंच सांगतो कारण तो वेगळा प्रबंध आहे. पण बायकांचं व्यसन बघायचं असेल तर दारूत ते दिसणार नाही, मिश्रीत, म्हणजे दाताला लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या पुडीत, दिसेल. महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे मोठ्यांमध्ये चार टक्क्यांच्या आसपास आणि तोंडात ठेवणारे त्याच्या सहापट. मुंबईत गरोदर बायकांवर झालेला, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, तंबाखू-मिश्री वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. अफूचा मोह मात्र टाळ. माळव्याची अफू मुंबई-दमण बंदरातून चीनला गेली, त्यावर श्रीमंत घराणी उभी राहिली, विषय मोठा आहे, पण तुझ्या गावात त्याचा धागा पोचत नाही.

उपचारांवर एक प्रकरण ठेव, ते टाळू नकोस. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांमागे एकाला कसले तरी उपचार मिळतात. आणि शेजारी गोव्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये चाचणी झाली, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी काही भेटींत बोलायचं, एवढंच. तीन महिन्यांनी त्या गटात ३६ टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. हे २०१७ मध्ये छापून आलंय. भाषा कोंकणी, माणसं आपल्यासारखीच, तरी बांद्याच्या, म्हणजे गोव्याच्या सीमेच्या, अलीकडे ही पद्धत का येत नाही हा राजकारणाचा प्रश्न आहे. त्याच्याच शेजारी आडव्या बाटलीचं मतदान ठेव : एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर गावातलं दुकान बंद. यादीतल्या कितीतरी बायका मुंबईत राहतात, त्या आल्या नाहीत तर त्यांचं मत दुकान चालू ठेवण्याच्या बाजूनेच धरल्यासारखं होतं. कोकणात हा नियम घाटावरच्यापेक्षा जड जातो आणि त्याचं कारण पुन्हा स्थलांतर.

तर नोंदणी इतिहासातच कर, सह-मार्गदर्शक सार्वजनिक आरोग्यातला घे, आणि एथिक्स कमिटीची परवानगी पहिल्या सहा महिन्यांत मिळव, कारण तुझ्याशी बोलणारे काही लोक बेकायदा धंद्यातले असतील आणि त्यांची नावं तुझ्या वहीतसुद्धा असता कामा नयेत. पावसाळ्यात मुंबईत पुराभिलेखागारात बस, काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, महसूल खात्याची आबकारीची बाडं माग. कॅम्पबेलचं रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअर १८८० चं आहे, ते आधी वाचून जा म्हणजे तालुक्यांची जुनी नावं आणि स्पेलिंग कळतील. मग वार्षिक आबकारी रिपोर्टांतले फक्त चार रकाने उतरव : लायसन दिलेली झाडं, झाडामागे दर, देशी दारूचे गॅलन, पकडलेले गुन्हे. १८७८ पासून १८९५ पर्यंत एवढंच. गोव्याच्या बाजूचं पणजीच्या अभिलेखागारात बघावं लागेल, पोर्तुगीज येत नसेल तर आधी वाचण्यापुरतं शिक, आकडे आणि महिने कळले तरी निम्मं काम होतं. तक्ता झाला की पाठव, मी बघून देईन, आणि गाइडना पण तोच तक्ता दाखव, विषयाची मंजुरी त्याच्यावर माग.